घरी अम्मा आल्यात

महादेवपुरा, बेंगळुरू
९ मार्च २०२६

संहिता,

फोन करू नका म्हणालीस, म्हणून केला नाही. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

तू सोनमला घेऊन माहेरी गेलीस, तेव्हा तिचा निळा स्वेटर दोरीवरच राहिला. चिंचवडला आता त्याची गरज नसेल, पण तो घातल्याशिवाय ती झोपत नाही, म्हणून पार्सलनं पाठवला आहे. खिशात खडीसाखर आहे. तुझ्या आईंना नमस्कार सांग.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. इस्पितळाच्या चौकशीसाठी तू लिहून दिलेलं निवेदन सुमंतनं सिंगापूरहून फोनवर वाचून दाखवलं. त्यात तू म्हटलं आहेस, ‘मुलीच्या आजाराबद्दल मला घरून कोणीही सांगितलं नाही.’ संहिता, हे खरं नाही. मी सांगितलं होतं. त्या मंगळवारी सकाळी सोनमच्या पाठीवर पाण्यानं भरलेले ते बारीक फोड दिसले. तू आदल्या दिवशीच रात्रपाळीसाठी हेब्बाळला, नर्सेसच्या हॉस्टेलवर राहायला गेली होतीस. मी लगेच फोन केला. आपलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं.

“संहिता, घरी अम्मा आल्यात गं.”

“अगं बाई! कधी?”

“आज सकाळी. सोनमला रात्रीच चाहूल लागली होती.”

“किती दिवस राहणार?”

“ते आपल्या हातात असतं का? त्यांची मर्जी. आठवडा तर जाईलच.”

“म्हणजे आता फोडणी बंद, कांदा-लसूण बंद.”

“ते तर आलंच.”

“मग मी हॉस्टेलवरच बरी आहे, आई. सुट्टीच्या दिवशीपण येत नाही. अम्मांना माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, सोनमला फार छळू नका.”

यात मी काय लपवलं, सांग बरं.

पंधरा दिवसांनी पहाटे तुझा फोन आला, तेव्हा तुझा आवाज ओळखू येत नव्हता. “आई, सोनमच्या अंगावर पाण्याचे फोड आले होते का?” मी म्हटलं, “हो की. अम्मा येऊन गेल्या ना. तुला सांगितलं होतं.” तू म्हणालीस, “कोण अम्मा? मैसूरच्या अम्मा आल्या होत्या ना?”

तुझ्या मागं कुठलंतरी यंत्र टिक् टिक् करत होतं.

आमच्याकडे त्या फोडांना आजार म्हणत नाहीत. देवी अंगावर येते, आणि देवीला सगळे अम्मा म्हणतात. हे तुला ठाऊक नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं झाली तुला या घरात येऊन. आणि सुमंतच्या मैसूरच्या आत्यांनाही आपण अम्मा म्हणतो, त्याही आल्या की फोडणी बंद होते, याला मी काय करू?

मी डबा घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी आले, तेव्हा तू वरच्या खिडकीतून ओरडलीस, “देवीच्या भीतीनं तुम्ही माझ्यापासून पोरीचं आजारपण लपवलंत. कॉन्व्हेंटमध्ये शिकून काय उपयोग झाला?” वॉचमन ऐकत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण कॉन्व्हेंट हा शब्द कळला असावा. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. मी लपवलेलं नाही.

सुमंतची आई

*

१३ मार्च

संहिता,

स्वेटर पोचला, असं सुमंतकडून कळलं. तू त्याच्याशी बोलतेस, तेवढं पुरे आहे.

आज मी हेब्बाळला गेले होते. तुला आवडणार नाही, तरी सांगते. तुमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर, मेघाश्री सिस्टरना भेटले. त्या आमच्या कॉटनपेटेच्या जुन्या घराजवळच्या निघाल्या. मी मराठी घरातली असून कन्नड अशी कशी बोलते, म्हणून त्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, अक्का, आमचे पणजोबा इथलेच, आमची मराठीच कन्नडच्या हातचं जेवून वाढलेली. त्या हसल्या. पण तुझं नाव काढताच त्यांचा चेहरा बंद झाला.

म्हणाल्या, “संहिता चांगली सिस्टर आहे. पण तो वॉर्ड कुठला आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

ठाऊक आहे. रक्ताच्या कॅन्सरची मुलं. औषधांनी त्यांच्या अंगात लढायला काही उरलेलं नसतं. आपल्या सोनमला जे आठ दिवस खाजवून गेलं, ते त्यातल्या एखाद्याला घेऊन जाऊ शकतं. तू सांगायचीस की घरी शिंकही आली तरी आम्हाला दारात कळवावं लागतं. ज्याला संपर्क आला, त्याच्या अंगात ते आठवडाभरानं जागं होऊ शकतं, म्हणून त्यानं त्या वॉर्डच्या आसपासही फिरू नये, असा नियम आहे म्हणे. तू त्या सगळ्या रात्री तिथंच होतीस. शेवटच्या पहाटे हातमोजे काढताना मनगटावर पहिला फोड दिसला, आणि तू जागच्या जागी ओरडून सगळ्यांना लांब केलंस, हेही मेघाश्रींनीच सांगितलं. तू मला सांगितलं नव्हतंस.

त्या पहाटे तू ज्याची सलाईन बदलली होतीस, तो संग्राम. सात वर्षांचा, विजापूरकडचा. त्याला संरक्षणाचं इंजेक्शन दिलं आहे. त्याचे औषधाचे फेरे थांबवले आहेत. अजून काही दिवस डॉक्टर रोज सकाळी त्याचं अंग तपासणार. त्याची आई मला काचेपलीकडे दिसली. ती बसली नव्हती. उभी राहून मुलाच्या पाठीवर टॉर्च मारून बघत होती.

पण संहिता, मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तुझ्याविरुद्ध साक्ष आहे. वॉर्डातली यल्लव्वा, जी फरशी पुसते, जिला तू सोनमचे जुने फ्रॉक दिलेस, तिनं लिहून दिलं आहे की संहिता सिस्टरनं स्वतः मला सांगितलं, मनेगे अम्मा बंदिदारे, घरी अम्मा आल्यात म्हणून मी हॉस्टेलवर राहते. यल्लव्वा खोटं बोलत नाही. तू तिला तसंच सांगितलं असशील, मैसूरच्या अम्मांबद्दल. तिनं ऐकलं ते देवीबद्दल. तिनं हात जोडले असतील आणि सिस्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतं म्हणून गप्प बसली असेल.

आता समितीला वाटतं की घरी काय आहे हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू लपवलंस आणि वर खोटं लिहून दिलंस. त्यांनी तसं ठरवलं तर नुसती ही नोकरी जाणार नाही, नर्सिंग कौन्सिलला कळवणार आहेत. मग कुठल्याच इस्पितळात तुला कोणी घेणार नाही.

ज्या शब्दाचा अर्थ तुला ठाऊक नव्हता, त्याच शब्दानं तू खोटी ठरते आहेस. आणि तो शब्द मी तुझ्या हातात दिला.

परत येताना कॅबमध्ये मला सिस्टर बर्नाडेट आठवल्या. हे मी तुला कधीच सांगितलं नाही का? मी नऊ वर्षांची असेन. कंटोन्मेंटमधल्या आमच्या कॉन्व्हेंटात सगळ्या आयरिश नन्स. माझ्या अंगावर अम्मा आल्या, तेव्हा वडिलांनी गड्याला शाळेत पाठवलं. त्याला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात त्यानं निरोप दिला, “सिस्टर, मदर कम टु हाउस. सुनंदा नो कम.” सिस्टर बर्नाडेट खूश झाल्या. त्यांना वाटलं माझी आई परगावाहून आली. त्यांनी त्याच्याबरोबर केकचा डबा पाठवला आणि चिठ्ठीत लिहिलं, तुझ्या आईला एकदा चहाला घेऊन ये.

माझी आई तो केक कडुलिंबाच्या डहाळीपुढे ठेवून पोट धरून हसली होती. अम्मांना चहाचं आमंत्रण आलंय म्हणून. पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरी कोणी फार आगाऊपणा केला की म्हणायचे, “जा, अम्मांना चहाला घेऊन ये.”

हा विनोद सांगत मी म्हातारी झाले, आणि तरी तुला फोन लावून तेच वाक्य बोलले.

सोनमची आज्जी

*

१७ मार्च

संहिता,

मी समितीला लिहून दिलं आहे. इंग्रजीत, हातानं, रेघा न आखता सरळ ओळींत, जसं नन्सनी शिकवलं तसं. मेघाश्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “आता कोणी असं लिहीत नाही.” सोमवारी मला दहा मिनिटं बोलावलं आहे.

त्या कागदावर मी ‘चिकनपॉक्स’ हा शब्द चार वेळा लिहिला. काही वाटलं नाही. इंग्रजी शब्दात कोणी राहत नाही. तुमच्या पुण्याकडचा जो शब्द आहे, तो लिहायला गेले की माझा हात अजून अडतो. आई म्हणायची, नाव घेतलं की त्या वळून बघतात.

एक गोष्ट मी कागदात लिहिली नाही. ती त्यांच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, मी लपवलं नाही. आजार लपवला नाही, हे खरं. पण तू रोज दुपारी उठल्यावर सोनमशी बोलायला फोन करायचीस आणि म्हणायचीस, “आई, कॅमेरा लावा ना, बघू दे मला तिला.” आणि मी म्हणायचे, नेट चालत नाही. नेट चालत होतं. तिच्या गालांवर, पापणीवर, ओठावर फोड होते. मला वाटलं, तू बघशील आणि रात्रपाळी टाकून धावत येशील. अम्मा घरात असताना कोणी बाहेरून येऊ नये, कोणी घरातून जाऊ नये. माझी आई तर भिकाऱ्यालासुद्धा भीक घालायची नाही त्या दिवसांत. मला वाटलं तू शहाणी आहेस, न येण्याचं तूच ठरवलंस, तर मी कशाला तुझा जीव खालीवर करू?

म्हणजे बघ, तो कॅमेरा मी एकदा लावला असता, तर माझा शब्द कळला नसता तरी चाललं असतं. तू नर्स आहेस. एका नजरेत ओळखलं असतंस.

आणि अजून एक. सोनम तुला फोनवर म्हणाली होती, “मम्मी, अम्मा मला शाळेत जाऊ देत नाही. अंघोळपण नाही.” तू म्हणालीस, “अम्मांचं ऐकायचं, बाळा.” मी शेजारी उसळत होते आनंदानं. पुण्याची मुलगी, फोडणीशिवायच्या जेवणाला जी जेवण म्हणत नाही, ती माझ्या आईसारखं बोलते आहे! तुझा नमस्कार मी खरंच पोचवला होता. दारातल्या कडुलिंबापुढे हात जोडून म्हटलं होतं, संहिताचा नमस्कार आहे, ती कामावर आहे, तिच्या पोरांना सांभाळा. पोरांना म्हणजे वॉर्डातल्या.

पण आठवड्यानं तू काय म्हणालीस, आठवतं? “अम्मा अजून आहेत? आता त्यांना तिकीट काढून द्या, आई.” मी म्हटलं, “असं बोलू नये गं.” तू हसलीस. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात स्वल्प वेळ उभीच राहिले. काहीतरी खटकलं होतं. देवीला कोण असं बोलतं? मला विचारता आलं असतं, “संहिता, तुला कळलंय ना मी काय सांगते आहे ते?” एवढं एकच वाक्य. ज्या रात्री तू वॉर्डात असायला नको होतं, त्या तेव्हा नुकत्या सुरू होत होत्या.

नाही विचारलं. विचारलं असतं तर नाव घ्यावं लागलं असतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, तू आमच्यातली झालीस असं मला वाटत होतं, आणि ते वाटणं मला मोडायचं नव्हतं. सुमंतचे वडील गेल्यापासून या घरात माझ्या भाषेत बोलणारं कोणी राहिलं नाही. सुमंत बोलतो, पण कंपनीचं बोलतो.

हे वाचून तू पत्र फाडलंस तरी चालेल. स्वेटर फाडू नकोस.

सोनमची आज्जी

*

२४ मार्च

संहिता,

काल इस्पितळात जाऊन आले. तुला निकाल ऑफिसकडून कळलाच असेल. पण तिथं जे झालं ते तुला त्या ईमेलमध्ये कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

समितीत तिघं होते. डॉक्टर सुब्बाराव अध्यक्ष, मेघाश्री सिस्टर, आणि ऑफिसचे अनिलकुमार, जे दिल्लीकडचे आहेत. माझा कागद त्यांच्यासमोर होता. अनिलकुमारांनी चष्मा वर केला आणि हिंदीत म्हणाले, “मॅडम, आप इतनी पढ़ी-लिखी हैं। सीधा नाम क्यों नहीं लिया?”

मी उत्तर घोकून गेले होते. इंग्रजीत, परिच्छेद पाडून. एक शब्द आठवला नाही. मी सुब्बारावांकडे बघून कन्नडमध्ये, माझ्या आईच्या आवाजात म्हटलं, “सर, मनेगे अम्मा बंदिदारे.”

संहिता, सुब्बारावांच्या हातातलं पेन थांबलं आणि तो हात आपोआप छातीशी गेला. एवढा मोठा डॉक्टर. मेघाश्रींनी मान खाली घातली. क्षणभर त्या खोलीत खरंच कोणीतरी येऊन बसल्यासारखं झालं. अनिलकुमार आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

सुब्बाराव त्यांना म्हणाले, “अनिल, हमारे घर में भी नहीं लेते।”

मला वाटलं झालं, सुटलो. पण अनिलकुमार हुशार आहेत. ते म्हणाले, ठीक, मान्य. इथल्या प्रत्येकाला हा शब्द कळतो. म्हणजे सहा वर्षं इथं राहिलेल्या संहितालाही कळत असणार. उलट त्यांनी तो स्वतः वापरला, अगदी बरोबर वापरला. आणि सासू सुनेला वाचवायला काहीही लिहील.

मी म्हटलं, “आमच्याकडे सासवा तसं करत नाहीत, साहेब. चौकशी करा.” कोणी हसलं नाही.

मग यल्लव्वाला बोलावलं. ती पदरानं हात पुसत आली आणि खुर्चीवर बसेना. मेघाश्रींनी विचारलं, “संहिता सिस्टर काय म्हणाल्या, सगळं सांग.” तिनं तेच सांगितलं. घरी अम्मा आल्यात म्हणून इथंच राहते.

“आणि पुढं?”

“पुढं काही नाही, अक्का.”

“यल्लव्वा, पुढं काय म्हणाल्या?”

ती माझ्याकडे बघायला लागली. मग भिंतीकडे. सुब्बाराव म्हणाले, “सांग बाई, काही होत नाही.”

यल्लव्वानं आधी स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. “मी नाही हो म्हटलं, सिस्टर म्हणाल्या. माझ्या तोंडात पाप नको.” आणि मग तुझ्या त्या मोडक्या कन्नडची अशी हुबेहूब नक्कल केली की मला तू समोर दिसलीस. “अम्मा तुंबा किरिकिरी, यल्लव्वा, फारच किरकिर! कांदा नको, लसूण नको, टीव्हीचा आवाज नको. दिवसभर जपमाळ आणि माझ्या माहेरच्यांची चौकशी. कधी एकदा बसमध्ये बसवते असं झालंय.”

यल्लव्वा रडवेली झाली होती. “मी त्या रात्री घरी जाऊन सिस्टरच्या वतीनं मारम्मा देवीपुढे नारळ फोडला. पोर परमुलखातली आहे, तिला कळत नाही, क्षमा कर, म्हटलं. हे आधी लिहून दिलं नाही, कारण लिहिलं असतं तर सिस्टरची अब्रू गेली असती.”

आधी सुब्बाराव हसायला लागले. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मग मेघाश्री. अनिलकुमार विचारत राहिले, “क्या हुआ? क्या बोली?” सुब्बारावांनी डोळे पुसून त्यांना समजावलं. या मुलुखात, ते म्हणाले, चोर असो नाहीतर नास्तिक, घरात पोर तापानं फणफणलेलं असताना अम्मांना कोणी किरिकिरी म्हणणार नाही. बसमध्ये बसवण्याची भाषा तर नाहीच. जिला अर्थ कळला असता, तिची जीभ रेटलीच नसती. ही मुलगी एका म्हातारीबद्दलच बोलत होती.

तुझ्या उद्धटपणानं तुला वाचवलं, बाई. मी सहा वर्षं त्याच्यावर कुरकुर करत होते.

लपवल्याचा आरोप काढला आहे. लसीचा दुसरा डोस तू घेतला नव्हतास, त्याबद्दल मेमो आहे. तो घ्यायलाच हवा होता, त्याबद्दल मी तुझी बाजू घेणार नाही. एक तारखेनंतर कधीही रुजू हो, असं त्यांनी म्हटलं आहे. मेघाश्री सिस्टर म्हणाल्या की आता वॉर्डाच्या दारातल्या प्रश्नात त्या एक शब्द वाढवणार आहेत. घरी कोणाला ताप, पुरळ, फोड, ‘अथवा अम्मा’. आणि विचारणार, कुठल्या अम्मा?

निघताना काचेपाशी थांबले. संग्रामचं अंग स्वच्छ आहे. धोक्याचे दिवस संपले, कालपासून त्याचं औषध पुन्हा सुरू झालं. त्याची आई खाली बसून जेवत होती. मी कोण आहे ते तिला सांगितलं नाही. धीर झाला नाही. तिनंच काचेतून विचारलं, जेवलात का, असा हात करून. मी मान हलवली. जेवले नव्हते.

आज्जी

*

२ एप्रिल

संहिता,

परवा सोनमनं तुझ्या फोनवरून चोरून मला फोन केला. म्हणाली, “आज्जी, मम्मी तुझी पत्रं कपाटात साड्यांच्या खाली ठेवते.” मी तिला म्हटलं, मम्मीची चुगली करू नये. मग विचारलं, कुठल्या साडीखाली? म्हणाली, तू दिलेल्या.

मला त्या रात्री झोप लागली.

आज पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. सांगते, पण आधी बसून घे. घरी अम्मा आल्या आहेत.

घाबरू नकोस. मैसूरच्या. दोन पायांच्या, जपमाळेसकट.

सुमंतनं त्यांना सगळी हकीकत सांगितली. तुझं ते किरिकिरीसुद्धा. या मुलाला कुठं थांबावं कळत नाही. अम्मा पहिल्या बसनं आल्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “खरं तेच बोलली पोर. मी आहेच किरिकिरी. माझा मुलगा बोलायला घाबरतो, ती बोलली.” आणि थोड्या वेळानं, “पण मारम्मेला आणि मला एका बाकावर बसवलं, हे चांगलं झालं. मैसूरला सगळ्यांना सांगून आले.”

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. म्हणाल्या, “सोनमच्या डोक्यावरून पाणी घातलंस, ते कळलं. सुनेच्या कोणी घातलं?”

आमच्याकडे फोड सुकले की कडुलिंब आणि हळद घालून पाणी तापवतात, डोक्यावरून घालतात, दहीभात दाखवतात, आणि अम्मांना म्हणतात, आलात, राहिलात, आता सुखानं जा. तेव्हा कुठं आजारी माणूस घरात मिसळतं. सोनमचं मी सगळं रीतसर केलं. तू त्या हॉस्टेलच्या खोलीत एकटी पडून होतीस, तिथले लोक तुझं जेवण दाराबाहेर ठेवत होते, आणि मी फाटकातून परत आले. तिथून तू उठून चिंचवडला गेलीस. तुझ्या अंगावरच्या अम्मांना अजून कोणी निरोप दिलेला नाही.

तुझा यावर विश्वास नाही, मला ठाऊक आहे. माझाही किती आहे, मला सांगता येणार नाही. सिस्टर बर्नाडेट असत्या तर म्हणाल्या असत्या, सुनंदा, इट इज ओन्ली वॉर्म वॉटर. हो, सिस्टर. गरम पाणीच आहे. पण ते दुसऱ्या कोणीतरी घालायचं असतं, स्वतःचं स्वतः घालता येत नाही.

म्हणून तू ये. राहायला ये असं म्हणत नाही. ते तू ठरव. हेब्बाळजवळ वेगळं घर घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं सुमंत म्हणाला. घ्या. वॉर्डाला ते जवळ पडेल. पण आधी एकदा न्हाऊन जा. अम्मांनी आजच कडुलिंब आणून ठेवला आहे. फोडणीचंही बघते. त्या म्हणाल्या, पोर येणार त्या दिवशी लसूण घाल, मी नाक धरून बसेन.

आणि आता एक वाक्य लिहिते. सकाळपासून तीन कागद वाया गेले, हा चौथा.

सोनमला कांजिण्या आल्या होत्या, संहिता. मी तुला तेव्हाच या शब्दात सांगायला हवं होतं.

लिहून झालं. कोणी वळून बघितलं नाही. स्वयंपाकघरातून अम्मा विचारतायत, एवढा वेळ काय लिहितेस, सुनेला ये म्हणायला किती कागद लागतात?

फोन केलास तर मी कॅमेरा लावीन. नेट चांगलं चालतं आहे.

आई